जबलपूरच्या सांध्यावरचा हिशेब

१८७० च्या मार्च महिन्यात जबलपूर येथे एक मोठा समारंभ झाला. मुंबईहून भुसावळ, खांडवा, इटारसी असे टप्पे घेत आलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग आणि कलकत्त्याकडून अलाहाबादमार्गे १८६७ मध्येच येथवर येऊन थांबलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग, हे दोन्ही या गावी एकमेकांस मिळाले. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो या प्रसंगी जातीने हजर होता. व्हिक्टोरिया राणीचा पुत्र ड्यूक ऑफ एडिंबरा हाही उपस्थित होता. मुंबई आणि कलकत्ता ही दोन बंदरे लोखंडी रुळांनी जोडली गेली आणि नर्मदेकाठचे हे शहर देशाच्या दळणवळणाचा एक सांधा बनले.

रूळ जोडण्याचे काम त्या दिवशी पुरे झाले. परंतु ज्या दोन कंपन्यांचे ते रूळ होते, त्यांचे हिशेब सुरळीत जुळण्यास पुढे अनेक दशके लागली. आणि या सांध्यावरून पुढे गेलेली एखादी वाघीण या घटकेस कोठे उभी आहे, हे कार्यालयात बसून कळण्यास तर शतकाहून अधिक काळ जावा लागला. संगणक हे व्यवसायाच्या व्यवस्थापनाचे साधन कसे बनले, ही कथा सामान्यतः प्रयोगशाळांतून आणि विद्यापीठांतून सांगितली जाते. जबलपूरच्या मालधक्क्यावर उभे राहून तीच कथा पाहिली, तर तिचा आरंभ फार मागे जातो आणि तिच्यात यंत्राइतकेच महत्त्व माणसांनी आपसात केलेल्या करारांना येते.

जबलपूर काही कागदपत्रांना नवखे नव्हते. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या अखेरीस तो इंग्रजांनी घेतला. मराठी राज्यकारभार हा दफ्तरावर उभा असे. फडणीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस ही आज केवळ आडनावे म्हणून उरलेली पदे त्या काळी लेखणीच्या कामाची वाटणी दाखवीत. दिवसभरात जे जे घडेल ते घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहावयाचे, रोजकीर्दीवरून नावानिशीवार खतावणी करावयाची आणि शेवटी ताळेबंद मांडावयाचा, हा क्रम सरकारी दफ्तरात होता तसाच सावकाराच्या पेढीवरही होता. रोजकीर्द सांगते की आज काय घडले. खतावणी सांगते की अमक्याचे आपल्याकडे काय निघते. पहिली ही नुसती नोंद होय, दुसरीवरून कारभार करता येतो. आजचा संगणक व्यवसायात जे मुख्य काम करतो, ते मूलतः हेच आहे: विस्कळित नोंदींची खतावणी करणे. फरक वेगाचा आणि पल्ल्याचा आहे.

मात्र पेढीचा हिशेब एका धन्याचा असतो. वाद पडला तर त्याचा शब्द अखेरचा. रेल्वेने जो प्रश्न उभा केला तो वेगळाच होता. येथे व्यवहार एक आणि धनी दोन होते.

समजा, कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याने मुंबईस माल पाठविला. हावड्याला त्याने भाडे भरले आणि बिल्टी घेतली. भाड्याची सर्व रक्कम ईस्ट इंडियन रेल्वेच्या तिजोरीत पडली. पण जबलपूरच्या पुढे मुंबईपर्यंतचा प्रवास दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून व्हावयाचा होता. भाड्याचा योग्य वाटा तिला मिळाला पाहिजे. अंतराचे पाच भाग कल्पिले आणि त्यांतील तीन पहिल्या कंपनीचे व दोन दुसरीचे मानले, तर शंभर रुपयांतील साठ एकीचे व चाळीस दुसरीचे. ही त्रैराशिकाची गोष्ट चौथीतला मुलगाही सांगेल. पण अशा बिल्ट्या दररोज शेकडो असतात. कोठे भाडे आगाऊ भरलेले असते, कोठे माल पोचल्यावर द्यावयाचे असते. काही माल वाटेत फुटतो, काही चुकून तिसऱ्याच स्थानकावर उतरतो. शिवाय वाघीण कोणाची हा प्रश्न निराळाच. ईस्ट इंडियनची वाघीण जबलपुरास अडवून तिच्यातला माल दुसऱ्या वाघिणीत भरावा, तर हमालीचा खर्च आणि वेळ जातो. तीच पुढे जाऊ द्यावी, तर ती किती दिवस परक्या रुळांवर राहिली, तिचे रोजचे भाडे किती, ती परत केव्हा येणार आणि मोडली तर दुरुस्ती कोणी करावयाची, हे सारे लिहून ठेवणे प्राप्त होते. सांध्यावरचा कारकून हातात वही घेऊन उभ्या गाडीच्या कडेने चालत जाई आणि प्रत्येक वाघिणीचा क्रमांक टिपून घेई. त्याच्या त्या वहीवर दोन बलाढ्य कंपन्यांचा हिशेब अवलंबून असे. पावसाळी रात्री कंदिलाच्या उजेडात तीनाचे आठ झाले, तर एक वाघीण कागदावर नाहीशी होई आणि दुसरी कधी अस्तित्वात नसलेली वाघीण जन्मास येई.

याहून मूलभूत अडचण घड्याळाची होती. त्या काळी मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढे चार तास एक्कावन्न मिनिटे, तर कलकत्त्याची पाच तास त्रेपन्न मिनिटे धरली जाई. दोन्ही टोकांच्या घड्याळांत एक तासाहून अधिक अंतर होते. मग जबलपुरास गाडी वेळेवर आली की उशिरा, हे कोणत्या घड्याळाने ठरवावयाचे? रेल्वे कंपन्यांनी अखेर मद्रासची वेळ प्रमाण मानली. ती मुंबईच्या पुढे आणि कलकत्त्याच्या मागे सुमारे अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतराने पडे. योगायोगाची गोष्ट अशी की, जबलपूर हे मद्रासच्या जवळजवळ थेट उत्तरेस असल्यामुळे तेथील सूर्याची वेळ आणि मद्रासची वेळ यांत एखाद्या मिनिटाचाच फरक येतो. पुढे १९०६ च्या १ जानेवारीपासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. तरी कलकत्त्याने आपली जुनी वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत सोडली नाही. एक घड्याळ मान्य करण्यासदेखील एवढा काळ लागला. घड्याळ एक नसेल, तर विलंब मोजता येत नाही. आणि जे मोजता येत नाही त्याचे व्यवस्थापन करू पाहणारा अंधारात चाचपडतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरच्या सांध्यावर तिसरा भागीदार आला. बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फूट रुंदीचा अरुंद मार्ग आणला. आधीच्या दोन कंपन्यांचे रूळ साडेपाच फूट रुंदीचे. त्यामुळे या नव्या मार्गाची वाघीण पुढे जाणे शक्यच नव्हते. गोंदियाकडून आलेले पोते जबलपुरास उतरावयाचे, पुन्हा मोजावयाचे आणि रुंद मार्गाच्या वाघिणीत चढवावयाचे. प्रत्येक चढउतारीबरोबर एक नोंद वाढली आणि प्रत्येक नोंदीबरोबर चुकीची एक जागा वाढली.

या गुंत्यावर पहिला उपाय यंत्राचा नव्हता. तो उपाय नियमांचा होता. याच सुमारास इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशन ही संस्था स्थापन झाली आणि वाघिणींची देवाणघेवाण, त्यांचे भाडे, विलंबशुल्क आणि नुकसानभरपाई यांविषयीचे नियम सर्व कंपन्यांना समान होत गेले. १९२०-२१ मध्ये ॲक्वर्थ समितीने रेल्वेच्या कारभाराची तपासणी केली. १९२४ मध्ये रेल्वेचा अर्थसंकल्प सामान्य अर्थसंकल्पापासून वेगळा करण्यात आला, आणि ही व्यवस्था २०१७ पर्यंत टिकली. १९२५ मध्ये ईस्ट इंडियन आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला या दोन्ही रेल्वेंचा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला. त्याच दशकात दिल्लीस एक समाशोधन कार्यालय उभे राहिले. निरनिराळ्या रेल्वेंनी परस्परांचे देणेघेणे आपसात भांडत न बसता तेथे पाठवावे आणि तेथून प्रत्येकीचा निव्वळ वाटा ठरून यावा, अशी ही योजना. इंग्लंडात असे कार्यालय १८४२ पासूनच चालू होते. कारकुनी हातांनी चालणारे हे एक प्रचंड गणनयंत्रच होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्याचे भाग लोखंडाचे नव्हते एवढेच.

लोखंडी भागांचे यंत्र तोवर समुद्रापलीकडे तयार झाले होते, आणि त्याचाही रेल्वेशी निकटचा संबंध होता. अमेरिकेत हर्मन हॉलेरिथ नावाच्या तरुण अभियंत्याने जनगणनेची माहिती मोजण्यासाठी छिद्रित पत्रांची युक्ती काढली. ही कल्पना आपणास आगगाडीत सुचली, असे तो सांगे. तिकडे एकाचे तिकीट दुसऱ्याने वापरू नये म्हणून तिकीट तपासनीस उतारूच्या केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, नाकाची ठेवण असे तपशील तिकिटाच्या कडेला भोके पाडून नोंदवीत. एका भोकाने एक गोष्ट सांगता येते, हे त्याने तेथून उचलले. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत सहा कोटींहून अधिक लोकांची माहिती या यंत्रांनी मोजली गेली. सरकारी कामानंतर त्याचे पहिले मोठे व्यापारी गिऱ्हाईक म्हणजे न्यूयॉर्क सेंट्रल ही रेल्वे कंपनी होती, आणि काम होते मालवाहतुकीच्या बिल्ट्यांचा हिशेब. जबलपूरचा कारकून ज्या ओझ्याखाली वाकला होता, तेच ओझे तिकडच्या कंपनीलाही असह्य झाले होते. हॉलेरिथच्या उद्योगातूनच १९२४ मध्ये आयबीएम हे नाव धारण करणारी कंपनी पुढे आली.

स्मरणशक्ती असलेला, दिलेल्या सूचनांनुसार एकामागून एक क्रिया करणारा संगणक व्यापारात प्रथम आणला तो एका चहा-बिस्किटांच्या कंपनीने. लंडनच्या जे. लायन्स आणि कंपनीची चहागृहे गावोगाव पसरलेली होती. एका कप चहामागे होणारा नफा अगदी थोडा. म्हणून हिशेबात होणारा खर्च वाचविणे तिला अगत्याचे वाटले. तिने लिओ नावाचा संगणक स्वतः बांधून घेतला आणि १९५१ च्या नोव्हेंबरात आपल्या बेकरीच्या मालाचे मूल्यमापन त्याच्याकडून नियमितपणे करून घेण्यास आरंभ केला. पुढे पगारपत्रके आली. अनुभवी कारकुनास एका नोकराचा पगार काढण्यास आठ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद पुरे. या यशाचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. लायन्सच्या कार्यालयात हिशेबाच्या पद्धतींची तपासणी करणारा एक विभाग कित्येक वर्षे आधीपासून काम करीत होता. कोणता कागद कोठून निघतो, कोणाच्या हाती जातो आणि त्याचा उपयोग काय, हे तेथे आधीच ठरलेले होते. ज्या घरात वस्तू जागच्या जागी असतात, तेथे नव्या नोकरास काम सांगणे सोपे जाते. लिओच्या बाबतीत असेच घडले.

भारतात व्यापारी कामासाठी संगणक आला तो १९६१ मध्ये, मुंबईस, एस्सो या तेलकंपनीच्या कार्यालयात. आयबीएम १४०१ हे त्याचे नाव. त्याचे छिद्रपत्र ऐंशी स्तंभांचे असे. मिनिटाला आठशे पत्रे वाचावयाची आणि सहाशे ओळी छापावयाच्या, ही त्याची गती. स्मरणशक्ती मात्र आजच्या मानाने हसू येण्याजोगी होती. सर्वांत मोठ्या यंत्रातही ती सोळा हजार अक्षरांपुरतीच होती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय रेल्वेने हीच यंत्रे आपल्या विभागीय रेल्वेंच्या मुख्य कार्यालयांत आणि उत्पादन कारखान्यांत बसविली. पगार, भांडाराची शिल्लक, उत्पन्नाचा हिशेब आणि वाहतुकीचे आकडे ही कामे त्यांच्याकडे सोपविण्यात आली.

१९५१ मध्ये जी मध्य रेल्वे बनली, तिच्यात जबलपूर विभाग समाविष्ट होता आणि तिचे मुख्य कार्यालय मुंबईस होते. यंत्र मुंबईत आणि रूळ जबलपुरात, अशी स्थिती झाली. मुख्य कार्यालयातील यंत्राला एका विभागाचे काम सांगावयाचे, तर त्या विभागातले कागद सुमारे हजार किलोमीटर प्रवास करून जात. तेथे बायका-पुरुषांच्या रांगा यंत्रांपुढे बसून त्या कागदांवरून पत्रांना भोके पाडीत, दुसरी रांग ती पडताळून पाही, मग गठ्ठे यंत्रात जात आणि छापील तक्ते बाहेर येत. हिशेब पूर्वीपेक्षा लवकर आणि अचूक होऊ लागला, यात शंका नाही. पण तो झाल्या महिन्याचा हिशेब होता. मालधक्क्यावर वाघिणीची वाट पाहत बसलेल्या गव्हाच्या व्यापाऱ्यास, किंवा ती वाघीण पुरविण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यास, तिचा उपयोग बेताचाच. मागील महिन्यात एकूण किती वाघिणी अडकून पडल्या हे त्याला कळे; आज कोणती अडकली आहे हे कळत नसे. जुन्या भाषेत बोलावयाचे तर यंत्राने ताळेबंद सुधारला, पण खतावणी अजून शिळीच होती.

याच वर्षांत देशात एक मोठा वाद उभा राहिला आणि तो केवळ यंत्राविषयीचा नव्हता. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत असे ठरले होते की, सुसूत्रीकरणाच्या नावाखाली कामावर असलेल्या कोणाचीही नोकरी जाऊ नये, कोणाची मिळकत घटू नये, आणि होणाऱ्या लाभाची न्याय्य वाटणी व्हावी. कार्यालयांत संगणक येऊ लागताच या वचनाची कसोटी लागली. कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक बसविण्यास दीर्घकाळ विरोध केला. त्या विरोधाकडे आज मागे वळून पाहताना त्यास अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे; परंतु ते न्याय्य नाही. ज्या देशात शिकलेल्या तरुणांना नोकरीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत होती, त्या देशात एक यंत्र अनेक कारकुनांचे काम करते ही बातमी ऐकून कारकुनाच्या घरात आनंद व्हावा, अशी अपेक्षा कोणी करावी? १९६९ मध्ये केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्याकडे आले. भारतातील दारिद्र्याचा विचार करण्यात ज्या अर्थशास्त्रज्ञाची वर्षे गेली, त्याच्याच पुढे हा प्रश्न ठेवण्यात आला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. यंत्र किती जलद चालते या प्रश्नाशेजारी ते कोणाच्या ताटातले घेते आणि कोणाच्या ताटात वाढते, हा प्रश्नही मांडावा लागतो, ही जाणीव त्या काळच्या चर्चेने देशाला करून दिली.

रेल्वेत पुढे काय घडले, ते आकड्यांवरून पाहता येते. १९९०-९१ च्या सुमारास भारतीय रेल्वेत साडेसोळा लाखांच्या आसपास नोकर होते. २०२०-२१ च्या सुमारास ही संख्या साडेबारा लाखांच्या जवळ आली होती. वाफेची इंजिने गेली, दुरुस्तीच्या पद्धती बदलल्या, काही कामे कंत्राटदारांकडे गेली. या सर्व कारणांत संगणक हेही एक कारण होते. कामावर असलेल्या माणसाला घरी पाठविले गेले नाही. तो निवृत्त झाला आणि त्याची खुर्ची रिकामी राहिली. म्हणजे १९५७ चे वचन बापाच्या बाबतीत पाळले गेले. मुलाविषयी त्यात काहीच लिहिलेले नव्हते.

ज्या बदलामुळे सामान्य माणसाचे मत संगणकाच्या बाजूने वळले, तो मालवाहतुकीत न होता उतारूंच्या आरक्षणात झाला. पूर्वी प्रत्येक गाडीची, प्रत्येक दिवसाची आरक्षणाची वही वेगळी असे आणि ती वही ज्या खिडकीमागे असेल, तेथेच रांग लावावी लागे. वाटेतल्या स्थानकांना ठराविक जागांचा वाटा तोडून दिलेला असे. मुंबईहून अलाहाबादमार्गे हावड्याला जाणारी मेल जबलपूरवरून जाई; पण जबलपूरच्या उतारूने मागावयाच्या त्या चार-सहा जागाच. तिकडे इटारसीच्या वाट्याच्या जागा रिकाम्या धावत असल्या, तरी जबलपूरच्या बाबूस ते कळण्याचा मार्ग नव्हता. मुंबईची सासुरवाशीण जबलपूरला माहेरी यावयाची, तर येण्याचे आरक्षण मुंबईस आणि परतीचे तारेने. तारेचे उत्तर येईपर्यंत घरात सर्वांना घोर.

१९७८ मध्ये आयबीएमने भारतातील आपला व्यवसाय गुंडाळला. तिच्या यंत्रांची देखभाल करण्याचे काम ज्या सरकारी कंपनीकडे आले, त्या सीएमसीनेच पुढे रेल्वेसाठी आरक्षणाची संगणकीय पद्धत तयार केली आणि १९८५-८६ मध्ये ती नवी दिल्ली येथे सुरू झाली. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. १९८६ मध्येच रेल्वेने स्वतःची रेल्वे माहिती प्रणाली केंद्र ही संस्था स्थापिली. या संस्थेने तयार केलेल्या नव्या पद्धतीमुळे दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ पर्यंत परस्परांशी जोडली गेली. आता परतीच्या तिकिटासाठी तार करण्याचे कारण उरले नाही. संगणकाने गाडीला एकही जागा वाढविली नाही, हे येथे विसरता कामा नये. उतारू अधिक आणि जागा कमी ही स्थिती होती तशीच राहिली, आणि दलालही थोड्याच काळात नव्या पद्धतीस सरावले. झाले ते एवढेच की, रिकामी जागा रिकामी आहे हे सर्वांना एकाच वेळी कळू लागले. पण एवढ्यानेही पुष्कळ झाले.

मालवाहतुकीची माहिती प्रणाली उभी करणे हे काम याहून अवघड होते. कारण उतारू आपण होऊन खिडकीपाशी येतो, वाघीण येत नाही. तिची खबर कोणी तरी द्यावी लागते. म्हणून येथे पुन्हा जुन्याच वाटेने जावे लागले: आधी नाव एक ठरवावयाचे, मग नोंद, मग यंत्र. वाघिणीला अकरा अंकी क्रमांक देण्यात आला. पहिले दोन अंक तिचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेची ते, त्यापुढचे दोन ती बांधल्याचे वर्ष, आणि नंतरचे चार तिचा स्वतःचा क्रमांक. शेवटचा अकरावा अंक मोठा गमतीचा आहे. तो आधीच्या दहा अंकांवरून ठराविक गणिताने काढलेला असतो. क्रमांक टिपणाऱ्याने तीनाचे आठ केले, तर हे गणित जुळत नाही आणि यंत्र तो क्रमांक स्वीकारत नाही. कंदिलाच्या उजेडात वाघीण नाहीशी करणारी ती जुनी चूक येथे, शंभर वर्षांहून अधिक काळानंतर, दारातच अडविली गेली.

२००३ च्या १ एप्रिलला पश्चिम मध्य रेल्वेचा कारभार सुरू झाला आणि तिचे मुख्य कार्यालय जबलपूर येथे आले. जबलपूर, भोपाळ आणि कोटा हे तिचे तीन विभाग. जे शहर मुंबईच्या कार्यालयाच्या आज्ञेने चालत होते, तेच आता इतरांचे आकडे मागविणारे शहर झाले. गोंदियाकडील अरुंद मार्गही काळाच्या ओघात गेला. २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी जबलपूरकडील छोट्या गाड्या बंद झाल्या आणि पुढील काही वर्षांत तेथे रुंद मार्ग तयार झाला. तीन धन्यांचा आणि दोन रुंदींचा हा सांधा अशा रीतीने एका मापाचा, एका घड्याळाचा आणि एका खतावणीचा झाला.

या दीर्घ कथेतून आजच्या व्यावसायिकाने काय घ्यावे? जबलपूरच्या बाजारपेठेतील दुकानदाराच्या गादीशेजारीही आज संगणक असतो. त्याच्याविषयी तक्रारही एकच ऐकू येते: एवढा खर्च करून यंत्र आणले, तरी गुदामात किती माल आहे ते विचारावे लागते नोकरालाच. अशा वेळी दोष यंत्रात शोधण्यापूर्वी पाहावे की, एकाच मालाची नोंद दोन नावांनी होते काय. उधारीवर गेलेला माल त्याच दिवशी लिहिला जातो काय. मालक स्वतः गल्ल्यातून काढलेली रक्कम नोंदवितो काय. रेल्वेसारख्या अवाढव्य संस्थेलाही आधी घड्याळ, मग नियम, मग क्रमांक एक करावे लागले. त्यानंतरच यंत्राचा उपयोग झाला. लहान पेढीला ही पायरी चुकविता येईल, असे मानण्यास काही आधार नाही.

दुसरी गोष्ट अधिकाराची. संगणक सांगतो की अमुक वाघीण तीन दिवस एका जागी उभी आहे. ती का उभी आहे, तेथील हमाल कामावर नाहीत की व्यापाऱ्यापाशी माल उतरवून घेण्यास गुदाम नाही, हे त्या पडद्यावर दिसत नाही. ते विचारण्यासाठी कोणी तरी उठून मालधक्क्यावर जावे लागते. भोसल्यांच्या कारकिर्दीतील कारभाऱ्यालाही खतावणी पाहून हेच करावे लागत असे. जबलपूरच्या यार्डात आजही गाडी येऊन उभी राहते, आणि तिच्या कडेने कोणी तरी क्रमांक पाहत चालत जातो. त्याच्या हातातली वही बदलली आहे. तो नीट पाहतो किंवा नाही, यावर पुढचा सारा हिशेब अजूनही अवलंबून आहे.